ओले कपडे, कोंडलेली हवा आणि बुरशी

मृगाचा पाऊस एकदां बस्तान मांडून बसला, म्हणजे कोंकणपट्टींतील व मुंबईंतील घराघरांत ओल शिरते आणि भाद्रपद संपेपर्यंत ती हलत नाहीं. मीठ पाझरतें, पापड सादळतात, पुस्तकांचे पुठ्ठे वांकतात, चामड्याच्या पट्ट्यावर पांढुरकी लव चढते. या सर्वांच्या मधोमध, एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत ताणलेल्या वलणीवर, कालचे आणि परवांचे कपडे अद्याप लोंबतच असतात. सकाळीं शाळेच्या वेळीं गणवेश हातांत घ्यावा, तों पाठ कोरडी पण कॉलर व शिवणी दमट. आणि त्या दमटपणास एक कुबट वास. दुसरा गणवेश नसेल तर मूल तोच अंगावर चढवितें आणि वर्गांत कोपऱ्याच्या बांकावर अंग चोरून बसतें.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत घेण्यासारखा आहे काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें आहे. यांत पदार्थविज्ञान आहे, जीवशास्त्र आहे, आरोग्य आहे, आणि घरोघर मुकाट्यानें चाललेल्या श्रमांचा प्रश्नहि आहे. ज्या घरांत बुरशी तें घर गलिच्छ, व त्या घरची बाई आळशी, अशी एक समजूत आपल्यांत रूढ आहे. ती चुकीची आहे, हें गणितानें दाखवितां येतें. आणि जी गोष्ट गणितानें दाखवितां येते, तिचा उपायहि बहुधा त्या गणितांतच सांपडतो.

पाणी जातें कोठें?

कपडा वाळला म्हणजे त्यांतील पाणी नाहींसें झालें, असें आपण बोलतों. वास्तविक तें नाहींसें होत नाहीं. तें जागा बदलतें. द्रवरूपानें कपड्यांत होतें, तें वायुरूपानें हवेंत जातें. अंगणांत कपडे वाळत घातले तर आकाशाएवढी हवा त्यास मोकळी असते, व हिशेब ठेवण्याचें कारण पडत नाहीं. तेच कपडे खोलींत घातले कीं हिशेब सुरू होतो. तो मांडून पाहूं.

चारपांच माणसांच्या कुटुंबाचे धुतलेले कपडे हातानें पिळून वजन केले व ते ६ किलो भरले. वाळल्यावर तेच ४ किलो भरले, असें समजूं. म्हणजे २ किलो, अर्थात् २ लिटर पाणी त्यांतून निघून गेलें. आतां खोली घेऊं. १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच अशा खोलींत १,२०० घनफूट, म्हणजे सुमारें ३४ घनमीटर हवा मावते. हवेंत वाफ मावण्यासहि मर्यादा आहे व ती उष्णमानावर अवलंबून असते. २८ अंश सेल्सिअस उष्णमानाच्या एक घनमीटर हवेंत फार तर २७ ग्रॅम वाफ मावते. आषाढांतील एखाद्या दिवशीं सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्या २७ पैकीं २३ ग्रॅम वाफ हवेंत आधींच भरलेली असते. उरली जागा ४ ग्रॅमांची. ३४ घनमीटरांस ४ ग्रॅमांप्रमाणें सगळ्या खोलींत नव्या वाफेस जागा झाली १३६ ग्रॅमांची. आणि आपणांस ठेवावयाचे आहेत २,००० ग्रॅम! भागाकार केला तर उत्तर पंधराच्या जवळपास येतें. म्हणजे हे कपडे वाळावयाचे असतील, तर त्या खोलींतील सगळी हवा निदान पंधरा वेळां बाहेर जाऊन तिच्या जागीं नवी आली पाहिजे. निदान म्हणण्याचें कारण असें कीं, बाहेर जाणारी हवा दर खेपेस वाफेनें पुरती भरून जात नाहीं.

खिडक्या लावलेल्या असतील तर काय होतें? पहिलें पावशेराहूनहि कमी पाणी हवेंत जातें आणि हवा संपृक्त होते. मग कपडे वाळणें जवळजवळ थांबतें. घरची मंडळी म्हणतात, "या पावसांत कांहीं वाळतच नाहीं." परंतु अडथळा केवळ पावसाचा नसतो, खोलींतील हवाच ओल्या कपड्यांनीं भिजलेली असते. दरम्यान गादी, उशी, लाकूड, पुस्तकें, धान्य, भिंतीचा गिलावा हीं सर्व सच्छिद्र द्रव्यें ती वाफ हळूहळू शोषीत राहतात. वलणीवरील पाणी अशा रीतीनें कपाटांत जाऊन बसतें, आणि कपडे वाळले म्हणून आपण समाधान मानतों तेव्हां ओल घरांतच असते.

बुरशी कशी वाढते?

बुरशी ही वनस्पति नव्हे. तिच्यांत हरितद्रव्य नसल्यामुळें सूर्यप्रकाशाच्या साह्यानें तिला आपलें अन्न तयार करतां येत नाहीं. ती पाचक रस बाहेर सोडते, अन्न जागच्या जागीं विरघळविते आणि मग तें शोषून घेते. तिच्या बारीक तंतूंचें जाळें पसरतें व त्यावर बीजाणु धरतात. भिंतीवर अगर भाकरीवर जी हिरवी किंवा काळी भुकटी दिसते, ती या बीजाणूंचीच. ते इतके सूक्ष्म असतात कीं हवेबरोबर सर्वत्र तरंगत जातात. त्यांना घरांत येऊं न देणें कोणासहि शक्य नाहीं, मग तें घर राजवाडा असो कीं चाळींतील खोली असो. घरांत वारंवार आढळणाऱ्या बुरशींत अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम व क्लॅडोस्पोरियम या प्रमुख आहेत. पेनिसिलियमच्याच एका जातीवरून अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ सालीं पेनिसिलिनचा शोध लागला, हें विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. अर्थात् बुरशी तेवढी वाईट असें म्हणतां येत नाहीं. मात्र मुलाच्या उशाशीं असलेली भिंत ही तिची जागा नव्हे.

बीजाणु रुजण्यास तीन गोष्टी लागतात: ऊब, अन्न आणि ओल. ऊब आपल्या किनाऱ्यावर बाराहि महिने आहे. अन्न म्हणाल तर सुती कापडाचे तंतु, खळ, घामाचा मळ, चामडें, कागद, डिंक, लाकूड यांपैकीं कांहींहि तिला चालतें. राहिली ओल. एखाद्या पृष्ठभागाजवळील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाऊन तेथेंच दिवसचे दिवस टिकली, कीं बुरशी धरते. ती ६० टक्क्यांच्या खालीं ठेवतां आली, तर भिंतीवर व कपड्यांवर ती सहसा वाढत नाहीं. ऊब आपल्या हातीं नाहीं, अन्न घरांतून काढून टाकतां येत नाहीं. तिहींपैकीं एका ओलीवरच आपली सत्ता चालते, म्हणून सर्व प्रयत्न तेथेंच केले पाहिजेत.

कपड्यांचा कुबट वास मात्र नेहमींच बुरशीचा नसतो. धुतल्यानंतरहि कापडांत घामाचा व त्वचेच्या स्निग्धतेचा थोडा अंश राहतो. त्यावर मोराक्सेला नांवाचे व इतर जीवाणु जगतात व ते तो वास उत्पन्न करितात. कपडा जितका वेळ अर्धवट ओला राहील, तितकी त्यांची पैदास अधिक. म्हणून त्या वासावर सुवासिक द्रव्य शिंपडणें हा उपाय नव्हे. कपडा नीट धुऊन लवकर वाळविणें हाच खरा उपाय होय.

श्वासाचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल व बुरशी यांविषयीं एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तोंपर्यंतच्या पुराव्यांची छाननी करून तींत असें नमूद केलें आहे कीं, ओलसर घरांत राहणाऱ्यांस खोकला, छातींतील घरघर, श्वसनमार्गाचे विकार व दम्याचा जोर यांचा धोका अधिक असतो. लहान मुलें, वृद्ध माणसें व दमेकरी यांना हा त्रास विशेष. शिवाय दमट कपडे दिवसभर अंगावर राहिले तर कांखेंतील व जांघेंतील कातडी मऊ पडते व नायट्यास वाव मिळतो. नायट्याची बुरशी भिंतीवरील बुरशीहून निराळी आहे. पण ओल दोघींसहि सारखीच प्रिय.

ओलीचें दुखणें केवळ गरीब देशांचें आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं भाड्याच्या घरांत राहणारें एक दोन वर्षांचें मूल डिसेंबर २०२० मध्यें दगावलें. त्याच्या मृत्यूची रीतसर चौकशी होऊन, घरांतील बुरशीच्या दीर्घ संसर्गानें झालेला श्वसनविकार हेंच मृत्यूचें कारण, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्यें देण्यांत आला. मुलाच्या बापानें बुरशीबद्दल पूर्वींच तक्रार केली होती. त्यावर रंग मारा, असें त्याला सांगण्यांत आलें होतें. दोष घराचा नसून कुटुंबाच्या राहणीचा आहे, अशी घरमालक संस्थेची समजूत होती. पुढें २०२३ सालीं तेथील सामाजिक घरांसंबंधींच्या कायद्यांत, ओल व बुरशीच्या तक्रारींची दाद मुदतींत घेणें मालकांस भाग पाडणारें कलम घालण्यांत आलें. या हकीकतींतून दोन गोष्टी ध्यानांत धराव्या: बुरशीवर रंग मारल्यानें बुरशी जात नाहीं, आणि राहणाऱ्यांस दूषण दिल्यानें तर ती मुळींच जात नाहीं.

परदेशचा उपदेश व आपला पावसाळा

घरांत कपडे वाळत घालावयाचे असल्यास खिडकी उघडी ठेवा, असें थंड देशांतील लोकांना सांगण्यांत येतें, व तें तेथें सर्वस्वीं योग्य आहे. ५ अंश उष्णमानाच्या एक घनमीटर हवेंत जास्तींत जास्त सातेक ग्रॅमच वाफ मावते. ती हवा घरांत येऊन २० अंशांपर्यंत तापली कीं तिची धारणाशक्ति सुमारें १७ ग्रॅमांवर जाते, व तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. बाहेर धुकें असलें तरी खिडकीवाटे आलेली थंड हवा घरांत येतां येतां कोरडी होते.

आपल्याकडील गोष्ट निराळी. आषाढांत बाहेरची हवा ऊनच असते व वाफेनें भरलेलीहि असते. घरांत येऊन ती फारशी तापत नाहीं, म्हणून कोरडीहि होत नाहीं. मग खिडकी लावूनच घ्यावी काय? नाहीं. बाहेरच्या हवेंत दर घनमीटरीं चार ग्रॅमांची का होईना, जागा असते. ओल्या कपड्यांनीं भरलेल्या बंद खोलींत तीहि नसते. तेव्हां खिडकी उघडावी, पण तेवढ्यावर विसंबूं नये. आपल्याकडे खिडकीस वाऱ्याची, वेळेची आणि पिळ्याची जोड द्यावी लागते. दुपारीं उष्णमान वाढलें कीं त्याच हवेची सापेक्ष आर्द्रता कमी होते. पहांटे ती सर्वांत अधिक असते. म्हणून रात्रभर बंद खोलींत कपडे टांगण्यापेक्षां, सकाळीं लवकर धुऊन दुपारची उघडीप त्यांना मिळूं देणें पुष्कळ चांगलें. सह्याद्रीच्या पलीकडे, देशावर, पावसाळ्यांतहि हवा बरीच कोरडी असते. तेथल्या नातलगांनीं सांगितलेली रीत किनाऱ्यावर चालत नाहीं, याचें कारण हेंच.

काय करावें?

पहिली गोष्ट, पिळा. पाण्याची वाफ करण्यास उष्णता फार लागते: एक लिटरास विजेच्या सुमारें दोन तृतीयांश युनिटाइतकी. तेंच पाणी पाणीरूपानें मोरींत सोडण्यास केवळ मनगट लागतें. कपडा पिळल्यावर तो कोरड्या पंचांत गुंडाळून पुन्हां एकदां दाबावा. धुलाईयंत्र असेल तर पिळण्याची फेरी दोनदां द्यावी. पिळ्यानें २०० ग्रॅम, म्हणजे एक पेलाभर पाणी अधिक निघालें, तर वरील हिशेबानें दीड खोलीभर हवेचें काम वांचलें.

दुसरी गोष्ट, वाटणी. आठवड्याचें धुणें रविवारीं एकदम काढूं नये. रोज थोडें धुवावें. चादरी व जाड पांघरुणें उघडीप पाहूनच भिजवावीं. सुती जाड कापड व मिश्र धाग्याचें पातळ कापड एकाच वलणीवर मिसळूं नये, नाहीं तर वाळलेलें कापड शेजारच्या ओलीनें पुन्हां सर्दावतें.

तिसरी गोष्ट, अंतर. दोन कपड्यांमध्यें निदान चार बोटें जागा असावी व वलणी भिंतीपासून हातभर दूर असावी. सदरा आंकड्यावर टांगावा, गुंड्या सोडाव्या, कॉलर उभी करावी. विजार उलटी करून कंबरेशीं उघडी ठेवून चिमटे लावावे, म्हणजे खिशांस व नेफ्यास वारा लागेल. चादर दोन वलण्यांवर तंबूसारखी पसरावी. पाठ लवकर वाळते; उशीर लागतो तो शिवणींस. म्हणून शिवणींची सोय आधीं पाहावी.

चौथी गोष्ट, वारा. कपड्यास लागून असलेली हवा सर्वांत ओली असते. ती सरकली तरच नवी वाफ सुटते. समोरासमोरची दोन दारें किंवा खिडक्या उघड्या असल्या तर वारा आरपार जातो. एकच उघडी असली तर तो दारांतून पाहून परततो. पंखा कपड्यांच्या बाजूनें व उघड्या खिडकीच्या दिशेनें लावावा. ५० वॉटचा पंखा आठ तास चालला तर वीज अर्ध्या युनिटाहूनहि कमी लागते. बंद खोलींतील पंखा मात्र तीच ओली हवा फिरवीत राहतो. हल्लींच्या सरकत्या खिडक्या अर्ध्याच उघडतात. त्यांच्या पट्ट्यांत कपडे कोंबून ती अर्धी वाटहि बुजवूं नये.

पांचवी गोष्ट, स्थान. शक्य असेल तर कपड्यांसाठीं एक जागा ठरवावी: पडवी, गॅलरी, अथवा मोरीजवळची खोली. तेथली खिडकी उघडी व घराच्या आंतल्या बाजूचें दार लावलेलें असावें, म्हणजे वाफ बाहेर जाईल, माजघरांत येणार नाहीं. मुलें निजतात त्या खोलींत रात्रीं ओले कपडे टांगूं नयेत. ज्यांचें सारें घरच एका खोलीचें आहे, त्यांना हा उपदेश पाळतां येणार नाहीं, हें आम्ही जाणतों. त्यांनीं पिळा, थोडें धुणें व दुपारची वेळ या तिहींवर भर द्यावा. चाळीच्या सामाईक गॅलरींत पाळी लावून वलणी वांटून घेतली तर भांडणहि टळतें आणि ओलहि.

सहावी गोष्ट, कपाट. दमट कपडा घडी करून ठेवणें म्हणजे बुरशीस घर बांधून देणें. कपडा वाळला कीं नाहीं, हें पाठीवरून नव्हे, तर कॉलर, कांख व नेफा गालास लावून पाहावें. इस्त्री केलेला कपडा लगेच कपाटांत ठेवूं नये. त्याची ऊब व वाफ निघून जाईपर्यंत टांगावा. कपाट बाहेरच्या भिंतीस चिकटवूं नये, आणि ऊन पडेल त्या दिवशीं त्याचीं दारें उघडीं ठेवावीं. डांबराच्या गोळ्या कसरीस दूर ठेवतात, पण ओल शोषीत नाहींत. तान्ह्या मुलांच्या कपड्यांत तर त्या मुळींच ठेवूं नयेत, कारण त्यांच्या वाफेनें कांहीं मुलांच्या रक्तास अपाय होतो.

विस्तवासंबंधीं इशारा

कोंकणांतील जुन्या घरांत चुलीच्या वरच्या बाजूस बांधलेल्या दांडीवर कपडे वाळत. ती युक्ति शास्त्रास धरून होती. २८ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापविली, तर तिच्यांतील वाफ तितकीच राहून आर्द्रता ६८ टक्क्यांवर येते. शिवाय कौलांच्या फटींतून धूर व वाफ दोन्ही निघून जात. आजच्या बंद खोलींत ती युक्ति जशीच्या तशी करूं गेल्यास प्राणावर बेतेल. कोळशाची शेगडी बंद खोलींत पेटविल्यानें कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला मनुष्य जागा होत नाहीं. गॅसच्या शेगडीवर कपडे धरणेंहि तितकेंच अविचाराचें, कारण आगीचें भय तर आहेच, शिवाय एक किलो गॅस जळतांना सुमारें दीड किलो पाणी वाफेच्या रूपानें उत्पन्न होतें. म्हणजे ओल काढावयास गेलों आणि ओलच आणली.

बुरशी धरलीच तर

प्रथम ओल कोठून येते तें पाहावें. छप्पर गळत असेल, नळ झिरपत असेल, बाहेरची भिंत पाणी पीत असेल, तर ती दुरुस्ती आधीं. वलणी कितीहि शहाणपणानें बांधली तरी गळकें छप्पर त्यानें सुधारत नाहीं. भिंतीवरील बुरशी कोरड्या झाडूनें झाडूं नये, कारण त्यानें बीजाणु सगळ्या खोलींत उडतात. नाकातोंडावर फडकें बांधून, खिडकी उघडून, साबणाच्या पाण्याच्या फडक्यानें ती पुसून घ्यावी व भिंत वाळूं द्यावी. दमेकरी मनुष्यानें किंवा मुलानें हें काम करूं नये. चुन्याची सफेदी क्षारधर्मी असल्यामुळें बुरशीस सहसा मानवत नाहीं. पण तीहि कोरड्या व स्वच्छ केलेल्या भिंतीवरच द्यावी. कपड्यावरील बुरशी घराबाहेर झटकून, कपडा ऊन पाण्यांत साबणानें धुऊन उन्हांत घालावा. पांढऱ्या सुती कपड्यांचे डाग विरंजक द्रवाच्या पातळ पाण्यानें निघतात. मात्र तो द्रव व्हिनेगर, लिंबू, अमोनिया किंवा संडास धुण्याचें आम्ल यांत कधींहि मिसळूं नये, त्यांतून विषारी वायु सुटतात.

विद्यार्थ्यांनीं करून पाहण्याचे तीन प्रयोग

१. घरांतील एका धुतलेल्या चादरीचें वजन पिळल्यावर व पूर्ण वाळल्यावर करावें. दोहोंची वजाबाकी म्हणजे हवेंत गेलेलें पाणी. पंचांत दाबून हाच प्रयोग पुन्हां करावा व फरक वहींत लिहावा.

२. दोन सारखे उष्णतामापक घ्यावे. एकाच्या फुग्यास ओलें फडकें गुंडाळावें व दोघांस पंख्याचा वारा घालावा. ओला उष्णतामापक किती अंश खालीं उतरतो तें पाहावें. फरक मोठा तर हवा कोरडी. फरक एकदोन अंशांचाच असेल तर हवा जवळजवळ संपृक्त. कपडे बाहेर काढावे कीं नाहीं, हें ढगांपेक्षां या फरकावरून अधिक खात्रीनें कळतें.

३. भाकरीचे दोन तुकडे घ्यावे. एक उन्हांत खडखडीत वाळवावा, दुसऱ्यावर थोडें पाणी शिंपडावें. दोन निरनिराळ्या कांचेच्या बरण्यांत ते बंद करून आठवडाभर पाहावे. हवा तीच, ऊब तीच, अन्न तेंच. ओलीनें काय भेद होतो तो डोळ्यांनीं दिसेल. बरण्या उघडूं नयेत, तशाच टाकून द्याव्या.

दोष कोणाचा?

पवित्र शास्त्रांतील लेवीय पुस्तकाच्या १३ व्या व १४ व्या अध्यायांत कपड्यावरील व घराच्या भिंतीवरील चट्ट्यासंबंधीं नियम दिले आहेत. भिंतींत हिरवट अगर तांबूस चट्टा दिसला तर घरधन्यानें स्वतः होऊन याजकास कळवावें. याजकानें घर रिकामें करवून तें पाहावें, सात दिवस बंद ठेवावें व पुन्हां पाहावें. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून गांवाबाहेर टाकावे, भिंती खरवडाव्या व नवा गिलावा द्यावा. कपडा धुवावा, सात दिवस ठेवावा, आणि डाग तसाच राहिला तर जाळावा. ज्यास आपण आज बुरशी म्हणतों, तिच्याशीं या वर्णनाचें पुष्कळ साम्य आहे. परंतु आमचें लक्ष आणखी एका गोष्टीकडे जातें. घरधनी कळवावयास आला, यासाठीं त्याला कोणतीहि शिक्षा सांगितलेली नाहीं. तपासावयाची ती भिंत, पाहावयाचा तो कपडा.

हाच न्याय आपणहि पाळावा. कुबट वासाचा गणवेश घालून आलेल्या मुलास वर्गांत हंसणाऱ्या विद्यार्थ्यांनीं वरील गणित एकदां सोडवून पाहावें. आणि पावसाळ्यांत त्याच मुलास उभें करून बोलण्यापूर्वीं आम्हां शिक्षकांनींहि तें सोडवावें. त्याच्या आईनें तो कपडा धुतला, पिळला, रात्रीं दोनदां उठून उलटला; दहा फुटांच्या खोलींत दोन लिटर पाण्यास वाट नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. अशा दिवशीं मुलानें दुसरा स्वच्छ व कोरडा कपडा घालून आलेलें चालेल, असा नियम शाळांनीं केला तर शिस्तीस कांहींच बाध येणार नाहीं, आणि एखाद्या श्वासास पुष्कळ आराम पडेल.

आणि मुलगे हो, ही वलणी केवळ आईची किंवा बहिणीची नव्हे. पिळ्याला मनगट लागतें आणि उंच दोरीस हात पोंचावा लागतो. ईश्वरानें हीं दोन्ही तुम्हांला दिलीं आहेत. सायंकाळीं खेळून आल्यावर आपला सदरा आपण पिळा, चार बोटें अंतर ठेवून टांगा, आणि समोरची खिडकी उघडा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कॉलर गालास लावून पाहा.